हरितकणांचा वंश शोधणारे आंद्रेआस शिंपर

बटाट्यांची टोपली कांहीं दिवस खिडकीपाशीं उजेडांत राहिली तर वरचे बटाटे हिरवे पडूं लागतात, हें आमच्या सातारा-सांगलीकडील प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. असा बटाटा ती बाजूस काढून टाकते, आणि तें योग्यच आहे. कारण त्या हिरवेपणाबरोबर बटाट्यांत एक विषारी द्रव्यहि वाढत असतें. परंतु पांढऱ्या बटाट्यांत हिरवा रंग आला कोठून, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. तीच गोष्ट मिरचीची. झाडावर हिरवीगार असलेली मिरची पिकून लाल होते, तेव्हां हिरवा रंग जातो कोठें व तांबडा येतो कोठून? या दोन घरगुती प्रश्नांचें उत्तर एकच आहे. आणि त्या उत्तराचा पाया ज्यांनीं घातला त्या आंद्रेआस फ्रान्ट्स विल्हेल्म शिंपर यांचें नांव आमच्या क्रमिक पुस्तकांत क्वचितच आढळतें. या गृहस्थांविषयीं परीक्षेंत प्रश्न येण्याचा संभव फारच थोडा, हें आम्ही आधींच सांगून टाकतों. एवढें ऐकूनहि ज्यांनीं पान उलटलें नाहीं त्यांच्यासाठीं हें चरित्र लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शिंपर यांचा जन्म ता. १२ मे १८५६ रोजीं स्ट्रासबर्ग येथें झाला. फ्रान्स व जर्मनी यांच्या सरहद्दीवर ऱ्हाइन नदीजवळ हें शहर वसलेलें आहे. घराणें वनस्पतिशास्त्राच्या व्यासंगाबद्दल अगोदरच नांवाजलेलें होतें. पावसाळ्यांत जुन्या भिंतींवर व दगडांवर जी मऊ हिरवी मखमल उगवते, तिच्या वर्गांतील वनस्पतींचे वडील विल्हेल्म फिलिप शिंपर हे त्या काळचे मोठे जाणकार असून शहराच्या सृष्टिपदार्थ-संग्रहालयाचे प्रमुख होते. वडिलांच्या नात्यांतील भावांपैकीं एकानें फांदीवर पानें कोणत्या हिशेबानें रचलेलीं असतात याचा शोध केला, व दुसऱ्यानें तर वनस्पति गोळा करतां करतां आपलें आयुष्य अबिसीनिया देशांत घालविलें. अशा घरांत वाढलेल्या मुलास झाडाझुडपांची गोडी लागली यांत नवल तें काय? नवल याचें कीं, इतक्या मोठ्या झाडांच्या सावलींत वाढूनहि तो खुरटला नाहीं.

मुलगा चौदा वर्षांचा असतां, १८७० सालीं, फ्रान्स व प्रशिया यांमध्यें युद्ध पेटलें. स्ट्रासबर्गला वेढा पडला. तोफांच्या माऱ्यांत शहराचें प्राचीन ग्रंथालय दुर्मिळ हस्तलिखितांसह जळून खाक झालें. आणि पुढील वर्षीं आल्सास प्रांत जर्मनीच्या ताब्यांत गेला. जर्मन सरकारनें १८७२ सालीं तेथें नव्यानें विश्वविद्यालय उभारलें. जळालेले ग्रंथ त्यामुळें परत येणार नव्हते. परंतु शिंपर यांच्यापुरतें बोलावयाचें तर त्यांस गुरु येथेंच भेटले. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आंतोन द बारी या विश्वविद्यालयांत आले होते.

द बारी यांचें नांव घेतल्यावर आपल्या गोड्या मसाल्याचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. त्या मसाल्यांत जें दगडफूल घालतात तें फूल तर नव्हेच, पण खरें पाहतां ती एक वनस्पतिहि नव्हे. एक बुरशी व एक सूक्ष्म शेवाळ अशा दोन निरनिराळ्या जीवांनीं मांडलेला तो कायमचा संसार आहे. बुरशीनें आसरा द्यावा, ओल धरून ठेवावी. शेवाळानें उन्हांत अन्न तयार करावें. ही गोष्ट स्वित्झर्लंडचे श्वेंडेनर यांनीं १८६० नंतरच्या दशकांत मांडली तेव्हां दगडफुलांच्या तज्ज्ञांनीं तिची मनसोक्त थट्टा केली. द बारी यांनीं मात्र भिन्न जीवांच्या अशा एकत्र नांदण्यास सहजीवन या अर्थाचें नांव देऊन १८७८-७९ च्या सुमारास ती कल्पना शास्त्रांत रूढ केली. त्याच १८७८ सालीं त्यांचे शिष्य शिंपर यांनीं डॉक्टरची पदवी मिळविली. प्रबंधाचा विषय होता वनस्पतींत आढळणारे प्रथिनांचे स्फटिक. दगडफुलाची ही हकीकत वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

पदवीनंतर हातीं घेतलेला पहिला मोठा प्रश्न पिष्टाचा होता. ज्वारी, गहूं, बटाटा, साबुदाणा यांतील जो पांढरा सत्त्वांश आपण पोटभर खातों तेंच हें पिष्ट. पानांतील हिरव्या कणांत उन्हाच्या साहाय्यानें पिष्ट तयार होतें, हें युलियुस झाक्स या जर्मन शास्त्रज्ञांनीं पूर्वींच सिद्ध केलें होतें. पण बटाटा तर जमिनीखालीं अंधारांत वाढतो. तेथें हिरवा कण नाहीं, ऊन नाहीं. मग तेथील पिष्टाचे दाणे घडवितो कोण? शिंपर यांनीं १८८० सालीं दाखवून दिलें कीं, अशा पेशींत बिनरंगाचे व अत्यंत नाजूक असे बारीक कण असतात. पानांकडून उतरलेल्या साखरेचें पिष्ट हेच कण बनवितात. आणि हेच कण उजेडांत आले म्हणजे हिरवे होऊं शकतात. टोपलींतील बटाटा हिरवा पडतो तो याच कारणानें.

पुढें ते कांहीं काळ अमेरिकेंत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत राहून आले, आणि परतल्यावर बॉन येथें एदुआर्त स्ट्रासबुर्गर या विख्यात प्राध्यापकांच्या संस्थेंत दाखल झाले. (गांवाचें नांव स्ट्रासबर्ग व प्राध्यापकांचें स्ट्रासबुर्गर, विद्यार्थ्यांनीं घोटाळा करूं नये.) पेशीचें केंद्र नव्यानें घडत नसून आधींच्या केंद्राच्या विभागणीनेंच उत्पन्न होतें, हें स्ट्रासबुर्गर व त्यांच्या समकालीनांनीं त्या वेळीं नुकतेंच प्रस्थापित केलें होतें. मग हिरव्या कणांचें काय, हा प्रश्न ओघानेंच पुढें आला.

त्या काळीं बहुतेकांची समजूत अशी होती कीं, अगदीं कोवळ्या पेशींत हे कण नसतात. दुधावर साय धरावी तसे पेशी मोठी होतां होतां ते तिच्या जीवद्रव्यांतून नव्यानें आकारास येतात. एका कणाचे दोन होतांना कांहीं संशोधकांनीं पाहिलें होतें खरें, पण ती एक जादा रीत समजली जाई. शिंपर यांनीं अंकुरांचीं टोंकें, मुळांचीं टोंकें, बियांतील गर्भ, उमलत्या कळ्या अशीं कोवळ्यांत कोवळीं ठिकाणें निवडून तीं सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं धरलीं. मोठ्या पानाच्या पेशींतहि हा कण मिलिमीटराच्या शंभराव्या ते दोनशेव्या हिश्शाएवढाच असतो. कोवळ्या पेशींत तो त्याहूनहि पुष्कळ लहान, शिवाय बिनरंगी. तो शोधणें म्हणजे दुधांत पडलेला मोगरा शोधण्यासारखें आहे. तरीहि शिंपर यांस तो तेथें सांपडला. त्यांनीं पाहिलें कीं, कोवळ्या पेशींत हे कण असतातच. ते वाढतात, मध्यें आवळले जाऊन डमरूच्या आकाराचे होतात, व शेवटीं एकाचे दोन होतात. पेशी विभागली म्हणजे दोन्ही कन्यापेशींच्या वांट्यास कांहीं कांहीं कण येतात. पानांत पोंचलेले कण हिरवे होतात; कंदांत गेलेले पांढरे राहून पिष्ट सांठवितात; फुलांत व फळांत गेलेले पिवळे, नारिंगी अथवा तांबडे होतात. हिरव्या मिरचींतला हरितकणच पुढें तांबडा रंगकण बनतो. झेंडूच्या पाकळीचा व गाजराचा रंगहि अशाच कणांत असतो. (जांभळाचा जांभळा रंग मात्र या जातीचा नव्हे, तो पेशींतील रसांत विरघळलेला असतो.)

हा शोध १८८३ सालीं प्रसिद्ध झाला. हरितकण, श्वेतकण व रंगकण अशीं तीन रूपें ज्या एकाच कुळाचीं आहेत तें कूळ यावरून उघड झालें. आजच्या पुस्तकांत यांस लवकें म्हणतात. त्याच वर्षीं आर्थर मायर हे दुसरे एक तरुण जर्मन शास्त्रज्ञहि स्वतंत्रपणें जवळजवळ याच निष्कर्षास पोंचले होते. या दोघांच्या कामाचें सार असें: कण कणापासूनच होतो. पेशी वाटेल तेवढी हुशार असली तरी एकहि हरितकण ती मुळापासून घडवूं शकत नाहीं. आज आपल्या शेतांत उभ्या असलेल्या जोंधळ्याच्या पानांतील प्रत्येक कणास एक पूर्वज कण होता, त्यास आणखी एक, आणि ही सांखळी बियांतून बियांत कोठेंहि न तुटतां मागें मागें गेलेली आहे. ती एकदां तुटली कीं त्या रोपास हिरवेपणा परत देणें पेशीच्या हातचें नाहीं. आणि हिरवेपणा गेला म्हणजे अन्न गेलें, त्या रोपाचेंहि व आपलेंहि.

त्या निबंधांत एका पानाखालीं शिंपर यांनीं एक टीप जोडली. तिचा आशय असा होता कीं, अंडपेशींत हे कण नव्यानें निर्माण होत नाहींत ही गोष्ट पुढें निर्विवाद ठरली, तर कण व त्यांस वागविणारी वनस्पति यांचा संबंध सहजीवनासारखा दिसूं लागेल. रंगहीन असा एक जीव व हरितद्रव्यानें भरलेला दुसरा जीव यांच्या मीलनांतून हिरव्या वनस्पति उगम पावल्या असणें शक्य आहे. म्हणजे वड, जोंधळा व दारची तुळस हीं सारीं दगडफुलाचींच दूरचीं भावंडें! द बारी यांच्या शिष्यासच ही कल्पना सुचावी हें स्वाभाविक होतें. आमच्या मतें या टिपेची जागा तिच्या मजकुराइतकीच बोलकी आहे. जें डोळ्यांनीं पाहिलें तें पानावर मुख्य मजकुरांत आलें. जें केवळ मनांत आलें तें खालीं, बारीक अक्षरांत, 'तर' या शब्दानें बांधून ठेवलें गेलें. आपल्याकडे पुष्कळदां याच्या उलट चालतें.

१८८५ सालीं याच विषयावर एक विस्तृत निबंध लिहून शिंपर यांनीं सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला व जगाकडे वळविला. वेस्ट इंडीज व व्हेनेझुएला त्यांनीं आधींच पाहिले होते. १८८६ सालीं ब्राझील व १८८९-९० मध्यें सिलोन व जावा येथें त्यांनीं प्रवास केला. महाबळेश्वरच्या राईंत झाडांच्या फांद्यांवर आमरी वाढलेली आपण पाहतों. बांडगुळाप्रमाणें ती झाडाचा रस शोषीत नाहीं. फक्त बसावयास जागा घेते. अमेरिकेंतील अशा वनस्पतींवर त्यांनीं १८८८ सालीं ग्रंथ लिहिला, पुढें समुद्रकांठच्या वनस्पतींवर लिहिला, आणि १८९८ मध्यें आपला सर्वांत मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पृथ्वीवर कोठें कोणतें रान उगवतें हें तेथील पाऊस व उष्णता यांवरून आणि वनस्पतींच्या शरीरधर्मावरून कसें उलगडतें, हा त्याचा विषय. सातारा व सांगली जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांस हा विषय शिकण्यासाठीं परदेशीं जाणें नको. महाबळेश्वरीं वर्षांत पांच हजार मिलिमीटरांवर पाऊस पडतो. तेथून व कोयनेच्या खोऱ्यांतून पूर्वेस निघून माण, आटपाडी व जत येथें पोंचलें कीं तो पांचशेंच्या आसपास किंवा त्याहूनहि कमी होतो. घाटमाथ्यावर सदाहरित राई, मग पानें झाडणारें रान, मग बाभळी-बोरींची कांटेरी झुडपें, असा सारा क्रम एका दिवसाच्या मोटारप्रवासांत दिसतो. वर्षारण्य, मोसमी अरण्य, कांटेरी अरण्य हे जे भेद आज भूगोलांत शिकविले जातात, त्यांचा आराखडा मुख्यत्वेंकरून शिंपर यांच्या त्या ग्रंथांतला आहे. चँपियन यांनीं १९३६ सालीं हिंदुस्थानांतील अरण्यांचे जे प्रकार पाडले त्यांतहि अशाच नांवांची परंपरा दिसते.

ग्रंथ बाहेर पडला त्याच वर्षीं, १८९८ च्या उन्हाळ्यांत, खोल समुद्राच्या शोधासाठीं निघालेल्या 'वाल्डीविया' या जर्मन बोटीवर वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून शिंपर चढले. आफ्रिकेचा पश्चिम किनारा, केप, दक्षिणेचें बर्फाळ कर्गेलेन बेट, पुढें हिंदी महासागर असा तो नऊ महिन्यांचा प्रवास होता. वाटेंत कामेरूनच्या किनाऱ्यावर त्यांस हिवतापानें गांठलें. हिवताप डासांतून पसरतो याचा पुरावा रोनाल्ड रॉस यांस सिकंदराबाद येथें सांपडून त्या वेळीं जेमतेम वर्ष झालें होतें. १८९९ सालीं बोट परत आली. बाझल येथें प्राध्यापकाची मोठी जागा त्यांची वाट पाहत होती व ती त्यांनीं स्वीकारलीहि. पण प्रकृति पुन्हां पूर्ववत् झाली नाहीं. ता. ९ सप्टेंबर १९०१ रोजीं ते मरण पावले. वय अवघें पंचेचाळीस वर्षांचें होतें.

टीप मागें राहिली होती. शिंपर यांच्या म्हणण्याचा पहिला सुंदर पुरावा मिळाला तो आपल्या अंगणांतील गुलबक्षीवर. कार्ल कोरेन्स यांनीं १९०९ सालीं जो प्रयोग प्रसिद्ध केला त्यांतील गुलबक्षीच्या एकाच रोपावर कांहीं फांद्या हिरव्या, कांहीं पांढऱ्या व कांहीं चित्रविचित्र ठिपक्यांच्या होत्या. हिरव्या फांदीवरील फुलाचें बीं पेरलें तर रोपें हिरवीं आलीं, पराग कोणत्याहि फांदीचा असो. पांढऱ्या फांदीचें बीं पेरलें तर रोपें पांढरीं आलीं व उपाशी मेलीं. ठिपक्यांच्या फांदीपासून तिन्ही तऱ्हेचीं रोपें मिळालीं. मेंडेल यांच्या नियमांत हें बसेना. आणि मेंडेल यांचे नियम १९०० सालीं पुन्हां उजेडांत आणणाऱ्यांत हेच कोरेन्स होते! उलगडा आज सोपा वाटतो. गुलबक्षींत हे कण आईच्या अंडपेशींतूनच येतात; बापाच्या परागांतून येत नाहींत. अंडपेशींत धडके कण असले तर लेकरूं हिरवें, बिघडलेले असले तर पांढरें. शिंपर यांनीं सूक्ष्मदर्शकांत जें पाहिलें तें आतां कुंडींत कोणासहि दिसूं लागलें.

टिपेच्या दुसऱ्या अर्ध्या भागास अधिक वेळ लागला. कझान येथील रशियन शास्त्रज्ञ मेरेश्कोव्स्की यांनीं १९०५ सालीं ती कल्पना उचलून धरली, पण फार थोड्यांनीं ती मनावर घेतली. १९६२ मध्यें एका शेवाळाच्या हरितकणांत स्वतंत्र डीएनए असल्याचें रिस व प्लाऊट यांनीं दाखविलें. १९६७ मध्यें अमेरिकेच्या लिन मार्ग्युलिस यांनीं सारा पुरावा एकत्र मांडला, आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत हरितकणांचें नातें नीलहरित जंतूंशीं निश्चित जुळलें. पावसाळ्यांत कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्यांवर जो निळसर-हिरवा बुळबुळीत थर आपले पाय घसरवितो, त्यांत याच जातीचे जंतु विपुल असतात. अब्जाहून अधिक वर्षांपूर्वीं अशाच एका जंतूस दुसऱ्या एका पेशीनें पोटांत घेतलें व तो पचला नाहीं.

कण दुभागतो हें शिंपर यांनीं पाहिलें. पण त्यास दुभागतो कोण, हें पाहण्याचें साधन त्यांच्याजवळ नव्हतें. हें काम प्रथिनें करतात. डॉक्टरच्या पदवीसाठीं ज्यांनीं प्रथिनांचे स्फटिक अभ्यासिले, त्यांस ही वार्ता ऐकावयास मिळती तर आनंद झाला असता. गोष्ट आधीं जंतूंत कळली. कांहीं सदोष जंतु विभागतां न आल्यामुळें दोरीसारखे लांबत जातात असें आढळलें होतें. निरोगी जंतूंत एका प्रथिनाचे रेणु एकामागून एक जोडले जाऊन शरीराच्या मधोमध आंतल्या बाजूनें कडें तयार करतात, असें १९९१ सालीं दिसून आलें. या प्रथिनाचें नांव एफटीएसझेड. १९९५ सालीं कॅथरिन ऑस्टरयंग व एलिझाबेथ व्हिएर्लिंग यांस हेंच प्रथिन मोहरीच्या कुळांतील एका चिमुकल्या रोपट्यांत सांपडलें, तें हरितकणांच्या आंत! १९९८ मध्यें त्या रोपट्यांत व एका मॉस वनस्पतींत हें प्रथिन प्रयोगानें कमी केलें किंवा बंद पाडलें, तेव्हां पेशींत जेथें अनेक कण असावयाचे तेथें एखादा भला मोठा कण पसरून बसलेला दिसला. वाढ चालू होती, पण वांटणी थांबली होती.

आंतल्या कड्यानें एकट्यानें भागत नाहीं. जपानांत त्सुनेयोशी कुरोइवा यांच्या सहकाऱ्यांनीं १९८६ सालीं उष्ण झऱ्यांतील एका शेवाळाच्या कणाभोंवतीं आवळणारें कडें पाहिलें होतें. आणि २००३ सालीं समजलें कीं बाहेरच्या अंगास डायनामिन जातीचें एक प्रथिन गोळा होऊन बटव्याची नाडी ओढावी तसा कण बाहेरूनहि आवळतें. आंतील कड्याचें प्रथिन त्या जुन्या पाहुण्या जंतूकडून आलेलें. बाहेरचें डायनामिन यजमान पेशीच्या घरचें. दोघांच्या मध्यें कणाचीं दोन वेष्टनें. त्या वेष्टनांत रोंवलेलीं आणखी कांहीं प्रथिनें आंतला निरोप बाहेर पोंचवितात, आणि मिन नांवाचीं प्रथिनें कडें बरोबर मध्यावरच बसेल अशी दक्षता घेतात. तीं बिघडलीं तर कण वेडावांकडा तुटून एक फार मोठा व एक फार लहान निघतो. एकाच्याच अंगावर काम पडलेलें नाहीं. शिंपर यांनीं ज्यास सहजीवन म्हटलें तें प्रत्येक विभागणीच्या वेळीं अशा रीतीनें घडत असतें.

यांतली सर्वांत चमत्कारिक गोष्ट पुढेंच आहे. पाहुण्याकडून आलेल्या त्या प्रथिनाचें जनुक फुलझाडांत आतां हरितकणाजवळ राहिलेलेंच नाहीं. तें पेशीच्या केंद्रांत जाऊन बसलें आहे. वंशवृद्धीची किल्ली पाहुण्यानें यजमानाच्या कनवटीस दिली असें म्हणावयास हरकत नाहीं. कण किती व्हावेत हें त्यामुळें पेशी ठरवूं शकते. वाढत्या टोंकाच्या पेशींत दहा-वीस चिमुकले कण असतात, तर त्याच रोपट्याच्या पूर्ण वाढलेल्या पानाच्या पेशींत सुमारें शंभर हरितकण भरतात. वेष्टनांतील पीडीव्ही नांवाचीं प्रथिनें जितकीं अधिक तितकी विभागणी जलद, व कण संख्येनें जास्त पण आकारानें लहान, असें जपानी संशोधकांनीं २००९ सालीं दाखविलें. पान पोक्त होऊं लागलें कीं हीं प्रथिनें कमी होतात व विभागणी मंदावते. बटाट्यांत २००६ सालीं याच धर्तीचा प्रयोग झाला: एफटीएसझेड प्रमाणाबाहेर वाढविल्यावर पिष्टाचे दाणे संख्येनें कमी पण आकारानें मोठे निघाले. ज्यांच्या कारखान्यांत पिष्ट लागतें त्यांचें लक्ष अशा गोष्टींकडे असणारच.

आणखी एक शोध सांगावयाचा राहिला. १९९६ च्या सुमारास असें उघडकीस आलें कीं हिवतापाच्या जंतूच्या शरीरांतहि एक लवक आहे. या जंतूच्या पूर्वजानें फार प्राचीन काळीं एक तांबडें शेवाळ गिळलें असावें. त्याचा हा बिनरंगी अवशेष. त्यास ऊन लागत नाहीं, तो अन्न शिजवीत नाहीं. पण त्याच्यावांचून जंतूचा वंश चालत नाहीं, आणि कांहीं औषधें जंतूस मारतात तीं याच कणावर घाव घालून. हा कणहि नव्यानें घडत नाहीं. जुन्याचे भाग होऊनच तो पुढच्या जंतूंत जातो. १८९८ सालीं कामेरूनच्या किनाऱ्यावर शिंपर यांच्या रक्तांत जे जंतु शिरले, त्यांतील प्रत्येकाजवळ असा एक श्वेतकण होता.